क्लचोपासक

अमेरिकेच्या ग्रामीण व निमशहरी भागांत, विशेषतः ज्या घरांच्या गॅरेजमध्ये गाडीखेरीज सर्व काही मावते अशा घरांत, क्लचोपासक हा मनुष्यविशेष आढळतो. तो बहुधा सेवानिवृत्त असून त्याच्याजवळ १९६७ ते १९७२ या काळातील शेवरोले सी-१० हा पिकअप, म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेला हलका मालवाहू ट्रक असतो. 'जवळ असतो' एवढेच म्हणणे योग्य, कारण तो हा ट्रक चालवतो याचा पुरावा सहसा मिळत नाही.

या ट्रकचा क्लच तेलाच्या दाबावर नव्हे, तर दांड्यांच्या जोडणीवर चालतो आणि या जोडणीला लिंकेज म्हणतात. पेडल दाबले की एक दांडी ढकलली जाते, ती झेड-बार नावाचा, दोन हात फुटलेला आडवा दंड फिरवते आणि हा दंड दुसऱ्या दांडीमार्फत क्लचचा काटा हलवतो. झेड-बारचे एक टोक स्थिर चॅसीकडे, तर दुसरे रबरी माउंटिंगवर थरथरणाऱ्या इंजिनाकडे असल्यामुळे लग्नातल्या मामाप्रमाणे दोन्ही पक्षांचे धक्के त्यालाच सोसावे लागतात. परिणामी बुश झिजतात, गोल भोके लंबगोल होतात आणि पेडल निम्मे खाली गेले तरी क्लचला त्याची खबर नसते.

वास्तविक असे पुष्कळसे सुटे भाग आजही नव्याने बनतात आणि कॅटलॉगमधून घरपोच मिळतात. परंतु तसे सुचवणारा क्लचोपासकाच्या मनातून कायमचा उतरतो. त्याला कारखान्यातूनच ट्रकवर बसून आलेला ओरिजिनल माल हवा असतो आणि त्यातही मिशिगनचा चालत नाही, कारण तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ पसरतात व त्याने लोखंड सडते. भंगारच घ्यायचे तर ते ॲरिझोनाच्या कोरड्या हवेतले असावे, असा त्याचा दंडक आहे. (बायकोसाठी एवढी चौकशी त्याने केली नसावी.)

पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे १९५५ पासून ऑक्टोबरात भरत आलेल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात सुट्या भागांचा प्रचंड बाजार असतो आणि अशा बाजारांत हा गृहस्थ झिजलेला बुश प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, ती शर्टाच्या खिशात ठेवून, ताडपत्र्यांवर मांडलेल्या गंजक्या ढिगांमधून हिंडतो. झेड-बार दिसताच तो त्याच्या भोकात करंगळी घालतो, डोळे मिटून ती सावकाश फिरवतो आणि मगच भावाची गोष्ट काढतो. घासाघीस करून एक मिळवला, तरी पुढच्या खेपेस तो पुन्हा हजर असतो, कारण बसवलेल्याला एक जोड हवा असतो आणि जोडालाही एक राखीव.

हा भाग इतका दुर्मिळ का झाला, हे ज्यांना शोधायचे असेल त्यांनी भंगारखान्यांऐवजी या गृहस्थाच्या गॅरेजमधील फळ्या पाहाव्यात. तिथे ग्रीस चोपडून वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन-चार झेड-बार हमखास सापडतील आणि ते विकायचे नसतात.