इंजिन उत्तम आहे

आयोवा, इंडियाना, ओहायो ही अमेरिकेतली मक्याची राज्यं. तिथल्या एखाद्या आडरस्त्यानं गेलं की धान्याच्या कोठारामागे, झाडाखाली, एक लांबलचक फिकट खोका उभा दिसतो. मुळात तो पांढरा असावा. आता एक बाजू शेवाळानं हिरवी झालेली, चाकं निम्मी गवतात, पुढच्या काचेमागे उन्हानं विटलेला पडदा. शंभरातले नव्व्याण्णव लोक तिकडे बघतही नाहीत. शंभरावा करकचून ब्रेक दाबतो.

तो का थांबला, हे शेजारी बसलेल्या बायकोला विचारावं लागत नाही. ती पर्समधलं पुस्तक काढून वाचायला लागते.

हा शंभरावा म्हणजे मोटारहोमवाला. नवी मोटारहोम घेणारा वेगळा. तो बँकेत जातो, हप्ता ठरवतो आणि फिरायला लागतो. त्याच्यावर लिहिण्यासारखं फारसं काही नसतं. आपला माणूस साठीच्या आसपासचा, नुकताच निवृत्त झालेला किंवा होऊ घातलेला. जिना चढताना त्याचे गुडघे कुरकुरतात, पण गाडीखाली शिरायचं म्हटलं की त्यांची तक्रार नसते. डोक्यावर ट्रॅक्टर कंपनीची टोपी, खिशात टॉर्च. घरी पान्यांचे तीन संच, आणि तिन्हींतला अर्ध्या इंचाचा पाना हरवलेला.

विकणाराही ठरलेला असतो. "इथे आणून लावली तेव्हा स्वतःच्या चाकांवर आली होती," असं तो सांगतो. यात खोटं काहीच नाही. जगातल्या बहुतेक बंद गाड्या जिथे बंद पडल्या तिथवर चालतच आलेल्या असतात. त्याचं दुसरं वाक्य, "इंजिन उत्तम आहे." छताबद्दल घेणारा विचारत नाही आणि विकणारा आपणहून बोलत नाही. किंमत इतकी कमी असते की घासाघीस करायची लाज वाटावी. तरी मोटारहोमवाला ती करतो, नाहीतर मित्रांना काय सांगणार? पुढे ट्रकवर चढवून ती घरी आणण्याचं भाडं गाडीच्या किमतीला भिडतं, पण तो आकडा वेगळ्या वहीत जातो.

या माणसाला लग्नाचा वाढदिवस आठवत नाही, पण मोटारहोमची वंशावळ तोंडपाठ असते. आयोवातल्या फॉरेस्ट सिटी या गावी विनेबागो कंपनीनं १९६६ साली मोटारहोम बांधायला घेतल्या, तिथून तो सुरू करतो. बाजूवरचा तो मोठा रंगीत 'डब्ल्यू' दिसला की त्याचा आवाज बदलतो. मग १९७३ ची तेलटंचाई येते आणि या धंद्याचं कंबरडं मोडतं. हे तो काल घडल्यासारखं हळहळून सांगतो. त्याची खरी लाडकी म्हणजे जनरल मोटर्सनं १९७३ ते १९७८ या मॉडेलवर्षांत काढलेली जीएमसी. ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या मोटारीचं साडेसात लिटरचं इंजिन तिला सुरुवातीला बसवलेलं, ओढ पुढच्या चाकांना. त्यामुळे खालून मागे जाणारा शाफ्टच नाही आणि आतली जमीन छान बुटकी. मागे दोन्ही बाजूंना एकामागे एक अशी दोन-दोन चाकं, तीही हवेच्या पिशव्यांवर. अशा सगळ्या मिळून तेराएक हजारच निघाल्या. हे सगळं तो नातवंडांनाही ऐकवतो. नातवंडांना मात्र एकच मोटारहोम माहीत असते, 'ब्रेकिंग बॅड' मालिकेतली १९८६ ची फ्लीटवुड बाउंडर, त्यामुळे आजोबा नक्की काय शिजवणार आहेत अशी त्यांना शंका येते.

त्याचा अभ्यास पोकळ नाही, हे इंजिन उघडताना दिसतं. वर्षानुवर्षं उभ्या गाडीची किल्ली आधी फिरवायची नाही, हा पहिला नियम तो काटेकोर पाळतो. शेजारी "लावून तर बघ" म्हणून कितीही भरीला घालोत. तो सगळे प्लग काढतो, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडतो आणि दोन दिवस मुरू देतो. मग क्रँकशाफ्टच्या पुढच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हातानं इंजिन फिरवून बघतो. आतल्या रिंगा गंजून चिकटलेल्या असतील आणि किल्लीनं जोर लावला, तर जे नुसतं अडकलंय ते तुटायचं. पाना अर्धा वेढा फिरला की तो जमिनीवर बसून एक बिअर उघडतो. हा त्याचा पहिला सण.

दुसरी पायरी टाकीची. दीडशे लिटरच्या टाकीत कधीकाळचं पेट्रोल असतं. त्यातलं हलकं ते उडून गेलेलं, उरलेल्याचा चिकटा झालेला, झाकण उघडलं की व्हार्निशचा वास. त्यात अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पुरेसं पाणी जमलं की पेट्रोलला सोडून तळाशी जाऊन बसतं. मग टाकी आतून गंजते आणि जुन्या रबरी नळ्या मऊ पडतात. हे इथेनॉल मक्याचं, आणि ते बनवण्यात आयोवा देशात पहिलं. म्हणजे आयोवात बांधलेल्या गाडीचा कार्ब्युरेटर आयोवातलाच मका बुजवतो. इथेनॉल पेट्रोलमधून मिळणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या स्कूटरवाल्यांनी इथे मान डोलवायला हरकत नाही.

जनरेटरची गत तीच. महिन्यातून दोनेक तास भार देऊन चालवावा असं त्याच्या माहितीपुस्तिकेत असतं, आणि ती पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत, कोरी करकरीत, कुणीही न वाचलेली सापडते.

अखेर तो दिवस येतो. टाकीचा भरवसा नाही म्हणून पेट्रोलची वेगळी बाटली टांगलेली, तिची नळी थेट पंपाला. गाडी खोकते, गप्प होते, पुन्हा खोकते. सायलेन्सरमधून खारीनं साठवलेले दोन अक्रोड सुटतात आणि कुंपणापलीकडे पडतात. मग आठही सिलिंडर एकदम लागतात, अख्खी गल्ली निळ्या धुरात जाते. मोटारहोमवाला फोन काढून भावाला, मुलाला, जुन्या साहेबाला तो आवाज ऐकवतो. कुणी विचारत नाही, पण ब्रेक अजून तपासलेले नसतात. ब्रेकचं तेलही पाणी शोषतं, चाकांतले सिलिंडर आतून गंजतात, रबरी नळ्या फुगून बंद होतात. पण आधी निघायचं, थांबायचं पुढे बघू, असा त्याचा क्रम असतो.

खरी गोम यापुढे आहे. मोटारहोम निम्मी गाडी आणि निम्मं घर असते. याला गाडी कळते. इंजिन लोखंडाचं, ते दहा वर्षं वाट बघू शकतं. घर लाकडाचं. छताला हवेच्या झडपा, एसी, अँटेना यांसाठी भोकं पाडलेली असतात आणि प्रत्येक भोकाभोवती सीलंट. उन्हात ते टाचेला भेगा पडाव्यात तसं भेगाळतं. भेगेत पाणी शिरतं, थंडीत त्याचा बर्फ होऊन भेग रुंदावते, वसंतात आणखी पाणी शिरतं. गळती जिथे सुरू होते तिथे दिसत नाही. आत प्लायवुडवर तपकिरी डाग उमटेपर्यंत भिंतीतली चौकट कुजलेली असते आणि बाहेरचं फायबरग्लास फुगून सुटलेलं असतं. अंगठ्यानं दाबून बघितलं की कळतं. पण अंगठा तो फक्त वर करून दाखवायला वापरतो.

अशा गल्लीत एखादे मराठी आजोबा मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले असले, आणि त्यांची नोकरी दापोडीच्या एसटी कार्यशाळेत बसच्या बॉड्या बांधण्यात गेलेली असली, तर मोटारहोमवाल्याचं निम्मं काम फुकटात व्हावं. कानटोपी घालून ते रोज कुंपणापाशी उभे असतातच. इंजिन लागलं त्या दिवशी मोटारहोमवाला त्यांच्याकडे बघून अंगठा उंचावतो, आजोबाही उंचावतात. मग हळूच पुढे होतात आणि खिडकीखालच्या कोपऱ्यावर बोटाची पेरं आपटत जातात. टक, टक, टक, भद्‌.

"अरे, त्याला सांग," ते मुलाला म्हणतात, "इंजिन काय, आज ना उद्या लागलंच असतं. पाणी वरून येतंय. आधी टप बघ म्हणावं."

मुलगा वीस वर्षं अमेरिकेत राहिलेला. तो त्याचं सभ्य इंग्रजी करतो, "बाबा म्हणताहेत, इंजिनाचा आवाज फार छान आहे."

उरलेल्या घराची जबाबदारी मग बायकोवर येते, कारण दार उघडल्यावर येणारा वास तिलाच येतो. गाद्यांमध्ये उंदरांच्या पिढ्या नांदून गेलेल्या असतात. उंदीर पळावेत म्हणून लोक कपडे वाळवायच्या यंत्रात टाकायचे सुगंधी कागद गाडीत पसरून ठेवतात; उंदीर ते कुरतडून घरट्यात अंथरतात, एवढाच त्यांचा उपयोग दिसतो. हीटरच्या आणि फ्रीजच्या बर्नरमध्ये कुंभारमाशीनं मातीची घरं बांधलेली. सांडपाण्याच्या टाकीचा सरकता दरवाजा अर्ध्यावर अडकलेला. त्या विषयात इथे शिरायला नको, मोटारहोमवालाही कोपरापर्यंत हातमोजे घालूनच शिरतो.

फ्रीजवर मात्र थांबायला हवं. याला कंप्रेसर नसतो. खाली गॅसची ज्योत पेटवायची, तिच्या उष्णतेनं नळ्यांमधलं अमोनिया फिरतं आणि वर गारवा होतो. जाळ लावला की बर्फ तयार, यावर बायकोचा विश्वास बसत नाही, आणि बरीच वर्षं उभा राहिलेला फ्रीज तिच्याच बाजूनं निकाल देतो. त्यावर जुन्याजाणत्यांचा एक उतारा आहे. फ्रीज काढायचा, खाली डोकं वर पाय करून ठेवायचा, एक दिवसानं सुलटा करायचा, की अडकलेलं द्रव मोकळं होतं. कधीकधी हे खरंच लागू पडतं, म्हणून तर तो उतारा मरत नाही. चार माणसं तो अवजड फ्रीज अरुंद दारातून बाहेर काढून उलटा करतात आणि त्याच्याभोवती खुर्च्या टाकून बसतात. गॅसच्या नळ्यांच्या बाबतीत मात्र तो असले प्रयोग करत नाही. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का, हे तो दोनदा बघतो.

टायरांवरून घरात एकदाच वाद होतो. "नक्षी अजून नवीच आहे," तो म्हणतो. बायको चष्मा लावून टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचते, २३०९. म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबराचं वय होतं आणि जड गाडीखाली तापलं की ते फुटतं, हे त्याला तिच्याआधीपासून ठाऊक असतं. सहा टायर येतात. वेगळ्या वहीचं दुसरं पान भरतं.

मग नामकरण. जॉन स्टाइनबेक १९६० साली कुत्र्याला घेऊन अमेरिका बघायला निघाला, तेव्हा जीएमसी ट्रकवर बांधून घेतलेल्या खोलीला त्यानं डॉन किहोतेच्या घोड्याचं, रोसिनांते हे नाव दिलं. ती गाडी कॅलिफोर्नियात सलिनासच्या संग्रहालयात आहे. मोटारहोमवाला हा दाखला नेहमी देतो. स्टाइनबेकची गाडी कोरी होती, हे तो सांगत नाही.

पहिला प्रवास पन्नास किलोमीटरवरच्या सरकारी उद्यानापर्यंतचा. लिटरला साडेतीन किलोमीटर पडतात. "हायवेला जास्त देईल," असं तो हायवेवरच सांगतो. चढावर मागे मोटारींची रांग लागते, उतारावर तो ब्रेकवर उभा असतो. पोचल्यावर तासाभरात आजूबाजूचे पाच-सहा टोपीवाले जमतात, बॉनेट उघडलं जातं आणि संध्याकाळ अतिशय सुखात जाते. तळं, झाडं, सूर्यास्त यांकडे कुणाची पाठ फिरलेली असते, तर कुणाची कूस. रात्री पाऊस येतो. पलंगाच्या बरोबर मध्यावर पहिला थेंब पडतो. बायको पातेलं आणून ठेवते, आणि दुसऱ्या थेंबासाठी दुसरं. मोटारहोमवाला छताकडे बघत राहतो. आयुष्यात पहिल्यांदाच तो ते एवढं निरखून बघत असतो.

परतताना सीलंट घ्यायला म्हणून तो आडरस्त्यानं जातो आणि करकचून ब्रेक दाबतो.

ही दुसरी त्याच कंपनीची, त्याच वर्षाची, पण इतकी वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी. "फक्त सुट्या भागांसाठी," असं तो बायकोला सांगतो आणि ते त्याला खरंच वाटतं. घरी आणल्यावर बायको आत जाते. भिंती अंगठ्यानं दाबत शेवटपर्यंत चालत येते. कुठेही अंगठा आत जात नाही. कपाटांची दारं लागतात, गाद्या धड आहेत, पडद्यांचा रंगही शाबूत. फक्त इंजिन पूर्ण जाम आहे, हे विकणाऱ्यानं या वेळी प्रामाणिकपणे सांगितलेलं.

ती बाहेर येते. अंगणात दोन मोटारहोम, एकीचं इंजिन चालतं, दुसरीचं घर. हिशेब तिच्या मते सोपा आहे. चांगलं इंजिन काढून चांगल्या घरात बसवायचं. "मग तोडायची ती पहिलीच ना?" ती विचारते.

उत्तर यायला वेळ लागतो. सुट्या भागांसाठी आणलेल्या गाडीचे आठही प्लग तोवर निघालेले असतात आणि प्रत्येक भोकात चमचाभर तेल गेलेलं असतं. आता लगेच काही ठरवायला नको, तो हात पुसत म्हणतो, दोन दिवस मुरू दे.