भिडे पुलावरचं टिंब

सोळा वर्षांच्या मुलीच्या फोनवर पाळत ठेवायची तर आधी त्या मुलीचीच मदत घ्यावी लागते, हे कुठलंही ॲप सांगत नाही. आमच्याकडे ते बसवलं गेलं एका रविवारी, पोह्यांनंतर. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे घरातलं कुठलंही यंत्र त्याला चालवता येत नाही. तो बराच वेळ स्वतःच्या फोनवर ‘पालक’ होण्याची खटपट करत होता आणि ॲप त्याला पुन्हापुन्हा जन्मतारीख विचारत होतं. शेवटी लेकीने आमचे फोन हातात घेतले, स्वतःला ‘मूल’ केलं, आम्हाला ‘पालक’ केलं, माझ्याकडून ओटीपी वदवून घेतला. झोपेची वेळ साडेदहा टाक म्हटल्यावर, “अकरा टाकते, साडेदहाला तुमची मालिका चालू असते,” म्हणून अकरा टाकली. मग फोन परत देत म्हणाली, “झालं. ठेवा आता नजर. पासवर्ड विसरलात तर मला विचारा.”

खरं तर नजर आधीच कमी नव्हती. ती अकरावीला आर्ट्‌सला आहे आणि ‘क्लॅट’च्या, म्हणजे कायद्याच्या प्रवेशपरीक्षेच्या, क्लासला जाते. क्लासच्या दारात बोट टेकवायचं यंत्र आहे. बोट आत टेकलं की मला मेसेज, बाहेर टेकलं की मेसेज. सोसायटीच्या गेटवरचं ॲप तर खमण घेऊन आलेल्या पोराचाही फोटो मला ऑफिसात पाठवतं आणि “आत सोडू का?” विचारतं. मग आणखी एक ॲप कशाला? तर क्लास आणि घर यांच्यामधल्या वीस मिनिटांसाठी. मुलं बिघडतात ती नेमकी त्या वीस मिनिटांत, अशी क्लासच्या पालकांच्या ग्रुपची ठाम समजूत आहे. या ग्रुपवर सकाळी सुविचार येतात आणि रात्री भीती. दोन्ही फॉरवर्ड केलेलंच असतं.

ॲप उघडलं की पुण्याचा नकाशा येतो आणि त्यावर आमच्या मुलीचं टिंब. पहिले काही दिवस मी त्या टिंबाकडे भान हरपून बघत असे. टिंब कर्वे रोडने निघालं, टिंब सिग्नलला थांबलं. मूल तान्हं असतानासुद्धा मी त्याच्याकडे इतकं टक लावून पाहिलं नव्हतं. शेजारी बॅटरीचा आकडाही दिसतो. “नऊ टक्के राहिली गं तुझी,” हे वाक्य माझ्या तोंडून “जेवलीस का?”पेक्षा जास्त वेळा जाऊ लागलं.

मग ऑगस्ट आला. धरणं भरली, खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं, आणि दरवर्षीप्रमाणे टीव्हीवर पाण्याखाली गेलेला बाबा भिडे पूल दाखवायला लागले. मी सवयीने ॲप उघडलं. टिंब भिडे पुलावर होतं. बरोब्बर मधोमध आणि अगदी निवांत.

आता यातलं शास्त्र असं, की तिचा क्लास डेक्कनला एका तळघरात भरतो. तळघरात उपग्रहाचा सिग्नल नीट पोचत नाही. मग फोन आसपासचे टॉवर आणि वायफाय चाचपून अंदाज बांधतो आणि टिंबाभोवती एक फिकट वर्तुळ काढतो. त्याचा अर्थ, “या गोलात कुठेतरी असेल, माझी खात्री धरू नका.” पण वर्तुळ बघणारी आई अजून जन्माला यायची आहे. आई टिंब बघते. मी तिला फोन लावला. तो क्लासच्या नियमाप्रमाणे सायलेंट होता. नवऱ्याला लावला, तो म्हणाला, “ॲप रिफ्रेश कर.” सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. टिंबाच्या जोडीला तेही गेले. शेवटी मी क्लासच्या ऑफिसात फोन केला. तिथली मुलगी फार तत्पर निघाली. तिने तळघरात जाऊन, सरांना थांबवून, चाळीसेक पोरांसमोर विचारलं, “तुझी आई विचारतेय, तू नदीत आहेस का?”

त्या संध्याकाळी लेक घरी आली ती वकीलपत्र घेऊनच. चपला काढता काढता तिने पुट्टस्वामी खटला काढला. २४ ऑगस्ट २०१७, सर्वोच्च न्यायालय, नऊ न्यायमूर्ती, एकमताने निकाल : खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. क्लासच्या फीचे हप्ते आम्हीच भरतो, त्यामुळे उच्चार मात्र स्वच्छ होते. नवऱ्याने गूगल करून प्रतिवाद केला, “पण मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध मागायचे असतात. आईबाप म्हणजे काही राज्यसंस्था नव्हे.”

“बाबा, या घरात राज्यसंस्था कोण आहे, हे तुलाही माहीत आहे.”

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी जरा जास्त वेळ पाहिलं.

मग तिने दुसरं कलम काढलं. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक माणूस मूल धरलं आहे. त्या मुलांचा माग काढायला आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायला कंपन्यांना, काही अपवाद सोडले तर, मनाई आहे. नियम मोडला तर दंड दोनशे कोटी रुपयांपर्यंत. “म्हणजे कंपनीने माझा माग काढला तर दोनशे कोटी,” ती म्हणाली, “आणि तू काढलास तर?”

“मी काढला तर रात्री गरम वरणभात,” मी म्हटलं. कायद्यात या तरतुदीचा उल्लेख नसला, तरी आमच्याकडे ती लागू आहे आणि तिचा लाभ तिने त्या रात्रीही दोनदा घेतला.

यानंतर काही काळ शांतता होती. दर रविवारी ॲप आठवड्याचा अहवाल देतं. त्यात इन्स्टाग्राम घसरत होतं, यूट्यूब घसरत होतं आणि दस्तऐवज लिहायच्या ॲपचे तास चढत होते. मुलगी रोज दोन-दोन तास एकच फाइल लिहीत होती आणि फाइलचं नाव होतं ‘मूलभूत हक्क नोट्स फायनल’. मी हे ग्रुपवर कळवलं. बऱ्याच आयांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं, एकीने फाइलच मागितली. पुढे एकदा लेक आंघोळीला गेलेली असताना लॅपटॉप उघडा राहिला. मी त्यात डोकावले नाही. मी फक्त टेबल पुसत होते आणि टेबलाचा तो भाग स्क्रीनसमोर येतो. फाइल एक होती आणि तिच्यात अकरा जण एकाच वेळी लिहीत होते, प्रत्येकाचा रंग वेगळा. कलम २१ च्या खाली जांभळ्याने विचारलं होतं, “सामोसा की दाबेली?” त्याखाली हिरव्याने, “हिची आई परत फोन करेल, आपण नदीकाठी नको बसायला.” अमेरिकेतल्या शाळकरी पोरांमध्ये ही युक्ती जुनी आहे, असं लेकीनेच नंतर सांगितलं. माझ्या मते, अकरा जणांनी मिळून चालवलेली, शीर्षक दिलेली आणि परिच्छेद पाडलेली चहाटळकी हा त्या महिन्यातला तिचा सर्वांत शिस्तबद्ध अभ्यास होता.

बाकीच्या पळवाटा किरकोळ. कोणी फोन मैत्रिणीच्या दप्तरात ठेवून क्लासला पाठवतं. कोणी आजोबांचा टाकलेला हँडसेट जिवंत करतं. त्यांचं वर्णन करत बसत नाही, कारण हा लेख मुलंही वाचतील आणि हसतील.

पैशांचं प्रकरण मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘यूपीआय सर्कल’ नावाची सोय सुरू झाली. आपल्या खात्यावर घरातल्या दुसऱ्याला जोडून घ्यायचं. त्याला एक तर मर्यादा ठरवून मोकळं सोडायचं, महिन्याला जास्तीत जास्त पंधरा हजार, नाहीतर त्याचा प्रत्येक खर्च स्वतः पिन टाकून मंजूर करायचा. आम्ही अर्थातच दुसरा प्रकार घेतला. आता मी ऑफिसात वार्षिक अंदाजपत्रकाच्या बैठकीत बसलेली असते आणि फोन थरथरतो : वीस रुपये, वडापाव, मंजुरी द्या. टेबलावर लाखांचे आकडे आणि टेबलाखाली मी वडापावला पिन टाकतेय. उशीर झाला की लेकीचा मेसेज येतो, “आई, काका तेलात दुसरा टाकायला थांबलेत.” एकदा साठ रुपये आले. वडापाव एकटीचा असता तर वीस. म्हणजे आज तिघं. तिसरं कोण? अंदाजपत्रकातल्या तुटीचा इतका विचार मी कधी केला नसेल. आषाढीला मात्र तिने साबुदाणा वड्याची मंजुरी मागितली, तेव्हा मला भरून आलं आणि मी न विचारता दहीसुद्धा मंजूर केलं.

आणि एक गोष्ट आम्हा ‘पालकां’च्या लक्षात उशिरा आली. नकाशा दोन्ही बाजूंनी दिसतो. लेकीने एका रात्री जेवताना सहज विचारलं, “बाबा, तुझी जिम मिसळीच्या दुकानात कधीपासून भरते?” नवऱ्याने पाण्याचा पेला उचलला तो बराच वेळ खाली ठेवला नाही. मग सासूबाईंचं टिंब पाहण्यात आलं. मंगळवारी भजनी मंडळाच्या वेळेला ते विठ्ठलमंदिरापासून दोन इमारती अलीकडेच थांबतं. तिथे एका काकूंकडे रमी चालते. सासूबाईंनी यावर भाष्य केलं नाही. त्यांनी आता मंगळवारी फोन घरी चार्जिंगला लावून जायला सुरुवात केली आहे. वय वर्षं चौऱ्याहत्तर, आणि ही युक्ती त्यांना कोणीही शिकवलेली नाही.

अमेरिकेत ‘लाइफ३६०’ नावाचं असंच ॲप आहे. तिथल्या पोरांनी २०२०च्या सुमाराला त्याला ठरवून एकेक तारा देत त्याचं मानांकन पाडायचा सपाटा लावला होता. कंपनीच्या प्रमुखाला पोरांशी टिकटॉकवर बोलणी करावी लागली आणि त्याच वर्षी एक नवी सोय आली, ‘बबल’. मुलाने स्वतःभोवती काही काळापुरता एक मोठा गोल काढायचा. आईबापांना गोल दिसतो, नेमकी जागा दिसत नाही. लेकीने हे उदाहरण टेबलावर मांडलं आणि आमच्या ॲपमध्ये असली सोय नाही म्हटल्यावर तोंडी करार मागितला. वाटाघाटी तीन संध्याकाळ चालल्या. ठरलं ते असं : डेक्कन ते मंडई हा गोल. गोलाच्या आत मी बघायचं नाही, बाहेर गेली तर तिने सांगायचं. नवऱ्याने लगेच मिसळीचं दुकान गोलात धरावं अशी दुरुस्ती सुचवली. ती फेटाळण्यात आली.

करार मान्य करताना मला माहेरची सांगली आठवत होती. १९९४ साली मी अकरावीत होते आणि आमच्या फोनच्या डायलला पितळी कुलूप होतं. किल्ली वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, जानव्याला. कुलपाचा उपयोग नव्हता, कारण रिसीव्हर ठेवायची खटकी ठरावीक वेगाने दाबली की नंबर लागतो, हे गल्लीतल्या सगळ्या मुलींना ठाऊक होतं. पाचाला पाच टिचक्या. शून्याला मात्र दहा. ज्या मैत्रिणीच्या नंबरात शून्यं फार, तिच्याशी मैत्री आपोआप कमी व्हायची. पण खरी पाळत फोनची नव्हतीच. ती पोस्टमनची होती, रिक्षास्टँडची होती, पारावर पेपर वाचणाऱ्या आजोबांची होती. त्या वर्षी ‘हम आपके हैं कौन’ लागला. मी फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला दांडी मारून गेले. तीन तासांहून मोठा सिनेमा. त्यात प्रॅक्टिकल संपून दुसरंही झालं असतं. बाहेर पडले तर समोर सायकल धरून गिरणीवाले काका. नजरानजर झाली.

संध्याकाळी अण्णा दळण आणायला निघाले आणि मलाही डबा धरायला घेऊन गेले. काका त्यांच्याशी लोकवन गव्हाच्या भावावर बोलले, लोडशेडिंगवर बोलले, वसंतदादांच्या आठवणी काढल्या. माझे पाय लटपटत होते. अण्णा पैसे काढायला वळले तेवढ्यात काकांनी डबा माझ्या हातात देत हळूच विचारलं, “पिच्चर बरा हाय का गं? आमच्या मंडळींना दावावा म्हणतोय.”

बास, एवढंच. पुढे अण्णा वारले, काकाही गेले, ती गोष्ट कोणालाच कळली नाही. पण त्या दिवसानंतर मी प्रॅक्टिकलला दांडी मारली नाही, कारण काकांना दुसऱ्यांदा सांभाळून घ्यायला लावणं मला जमलं नसतं. आमचं ॲप सगळं बघतं आणि बघितलेलं सगळं सांगतं. बघूनही गप्प बसणं, हे बटण त्यात मला अजून सापडलेलं नाही.

तेव्हा डेक्कन ते मंडई या पट्ट्यात संध्याकाळी फिरणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे. हिरव्या सॅकची एक मुलगी, सोबत दोघंतिघं, क्लासच्या वेळेला गाड्यावर दाबेली खाताना दिसली, तर कृपया ओळख दाखवू नका आणि मला कळवूही नका. मला ते कळलेलं असतं. त्या दाबेलीला मीच मंजुरी दिलेली असते.