डब्याचे अभयारण्य

निसर्गावरचे प्रेम नुसते बघून सिद्ध होत नाही, त्याला डबा लागतो. हा शोध अमेरिकेचा. मे 2000 मध्ये सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि एक-दोन दिवसांतच डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनच्या रानात एक बादली लपवली. जीपीएसच्या मदतीने लपवलेला डबा शोधायचा हा खेळ, म्हणजे जिओकॅशिंग, सुरू झाला. नियम न्याय्य आहे: डब्यातले काही घेतलेत, तर तितक्याच मोलाचे ठेवा. त्यामुळे चाक निखळलेली खेळण्यातली मोटार आता खऱ्या जंगलात सुखाने नांदते.

यूटाच्या वाळवंटात मातीवर काळसर, खरबरीत, जिवंत साय धरते. तिच्यावर बूट पडला तर ती सावरायला कित्येक दशके लागतात. एवढी टिकाऊ पाऊलखूण एरवी संतांनाही मिळत नाही. इथे डब्याच्या शोधात पायवाट सोडली की झाले.

तरीही राष्ट्रीय उद्यानांचे प्रशासन परवानगीशिवाय डबा ठेवू देत नाही. त्याऐवजी ‘अर्थकॅश’ खेळा, म्हणजे खडक बघा, समजून घ्या आणि परत जा, असे सुचवते. पण मग डब्यातल्या वहीत करायची ती सही कुठे करायची? खडकावर?

दाट झाडीत उपग्रहाचा संकेत अडखळतो, हीदेखील गैरसोयच. निसर्गप्रेमाच्या आड येणारी तेवढी झाडे काढून टाकावीत. आणि वनरक्षकांनी डबे उचलून नेणे थांबवावे. संरक्षित क्षेत्रातून दुर्मिळ वस्तू अशा नाहीशा होऊ लागल्या तर दाद मागायची कुणाकडे? निदान प्रत्येक डब्याभोवती कुंपण घालून पाटी तरी लावावी: ‘आत पाऊल टाकू नये.’