टेबल क्रमांक नऊवरची साठीशांत

साठी भरली की पूर्वी उग्ररथ शांत करायची पद्धत होती. गुरुजी यायचे, होम व्हायचा, यजमान धुराने डोळे पुसायचे आणि शेवटी जिलबी-मठ्ठ्याची पंगत उठायची. आमच्या चिरंजीवांना हे सगळं जुनाट वाटलं. ‘बाबा, कर्मकांडावर खर्च नको, आपण फाइन डायनिंगला जाऊ,’ असं म्हणून त्यांनी मुंबईतल्या एका हॉटेलात टेबल धरलं. आदल्या दिवशी हॉटेलातून फोन आला आणि गोत्र विचारावं तशी ॲलर्जी विचारली. ‘नाही हो, आम्ही सगळं खातो,’ असं हिने सांगताच पलीकडचा माणूस हिरमुसला.

तिथे गेल्यावर कळलं, की शांत टळलेली नाही. फक्त गुरुजी बदललेत.

काळ्या एप्रनमधला एक तरुण प्रत्येक पदार्थाआधी हात मागे बांधून मंत्र म्हणायचा. त्यातलं निम्मं फ्रेंच, निम्मं इंग्रजी. मधेच ‘कोकम’ कानावर पडलं, की आम्ही सावरून बसायचो. मंत्र संपला की माना डोलवायच्या. अर्थ विचारायची पद्धत याही धर्मात नाही.

पहिली ताटली परातीएवढी होती. मधोमध रुपयाएवढं थालीपीठ, त्यावर चिमट्याने ठेवलेलं कोथिंबिरीचं एकच पान आणि बाजूला लोण्याचा फेस. ‘ही आमच्या शेफच्या आजीची आठवण आहे,’ तरुण म्हणाला. हिने ती आठवण एका घासात संपवली. ‘आजी एवढंसंच द्यायची?’

‘मॅडम, हा टेस्टिंग मेन्यू आहे.’

‘बरं. मग जेवण कधी?’

चिरंजीवांनी टेबलाखालून लाथ मारली, ती मला लागली.

पुढे होमही झाला. काचेच्या घुमटाखाली धूर कोंडून चमचाभर भरीत आलं. झाकण उचललं आणि आम्ही रीतसर डोळे पुसले. तीर्थ म्हणून परीक्षानळीतून सोलकढी मिळाली. प्रसाद पोटभर मागायचा नसतो, हा नियम इथेही पाळतात. फक्त आग्रहाचं कलम गाळलंय. पंगतीत ‘पुरे’ म्हटलं की दोन जिलब्या जास्त पडतात. इथे रिकाम्या ताटलीकडे आशेने पाहिलं, तर ती उचलून नेतात.

या धर्माची पोथी कुठली, हे चिरंजीवांनी दोन कोर्सांच्या मधल्या उपासात सांगितलं. फ्रान्समधल्या मिशेलिन या टायर कंपनीने 1900 साली ती छापली आणि फुकट वाटली. लोकांनी गाड्या हिंडवाव्यात आणि टायर झिजवावेत, हा शुद्ध हेतू. हॉटेलांना तारे द्यायला सुरुवात झाली 1926 साली. एकामागून एक पदार्थ आणायची रीतही युरोपात एकोणिसाव्या शतकातच रुजली, तीही रशियन म्हणून. त्याआधी तिथल्या मेजवान्यांत बरेचसे पदार्थ एकदमच टेबलावर मांडत. म्हणजे चटणी-कोशिंबिरीपासून वरणभातापर्यंत सगळं एका ताटात वाढणारे आपण मागासलेले नाही, फक्त जुन्या फ्रेंच वळणाचे आहोत. हे ऐकून हिची मान इतकी ताठ झाली, की पुढचा कोर्स तिने काट्याऐवजी हातानेच खाल्ला.

शेवटी दक्षिणा. चामडी पाकिटातून बिल आलं. आकडा असा, की त्यात खऱ्या शांतीचे गुरुजी, आचारी आणि मांडववाला तिघेही खूश झाले असते. खाली पाच टक्के जीएसटी आणि त्याच्या दुप्पट सर्व्हिस चार्ज. हा चार्ज आपोआप बिलात लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये बजावलं होतं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. मी हळूच विचारलं. तरुण नम्रपणे म्हणाला, ‘सर, तो ऐच्छिकच आहे.’ दक्षिणाही ऐच्छिकच असते. म्हणजे आकडा ठरलेला असतो आणि काढून टाका म्हणायची यजमानाला लाज वाटते. चिरंजीवांनी निमूटपणे कार्ड पुढे केलं. कर्मकांडावरचा खर्च असा वाचला.

पंचाहत्तरीचा बेतही त्यांनी परतताना जाहीर केला. पॅरिसमध्ये मिट्ट काळोखात जेवायला वाढणारं हॉटेल आहे म्हणे. तिथे समोर काय आलंय, ते दिसतच नाही. मी म्हटलं, तोवर आमचा मोतीबिंदू पिकलेला असेल. ती सोय घरीच होईल, आणि वाढणारी निदान ‘अजून घ्या’ म्हणेल.