आडवे अण्णा

माझ्या चित्रातल्या माणसांना हात नसत. म्हणजे असत, पण ते खिशात, पाठीमागे, शालीच्या आत नाहीतर शेजारच्याच्या खांद्याआड गेलेले असत, कारण बोटं काढायला बसलो की बेरीज कधी चार यायची, कधी सहा. पावलांची अडचण मी गवतावर भागवायचो. शाळेत इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला स्मरणचित्रात बसथांबा आला, तेव्हा मी भर शहरात घोटाभर गवत उगवलं, पुरुषांना थंडी वाजवून हात खिशात घालायला लावले, बायकांना अंगभर पदर दिले, आणि तरीही चेहरे उरलेच म्हणून अख्खी रांग पाठमोरी उभी केली. सी ग्रेड मिळाली. त्या परीक्षकांचं देव भलं करो.

निवृत्त झाल्यावर हात पुन्हा शिवशिवले. त्यात सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, सहस्रचंद्रदर्शन आलं आणि मी त्यांचं ऑइल पोर्ट्रेट करायचं जाहीर करून बसलो. फोटोवर चौकटी आखल्या, तेवढ्याच कॅनव्हासवर आखल्या, पण नाक एक घर डावीकडे सरकलं. नाकाला धरून मिशी ओढली, मिशी सावरायला गाल फुगवले, गालांना शोभेल अशी हनुवटी दिली. कार्यक्रमात पडदा सरकल्यावर एका मामेसासऱ्यांनी टोपी सारखी करून चित्राला नमस्कार केला, कारण त्यांना ते कुणी स्वातंत्र्यसैनिक वाटले. सासूबाई म्हणाल्या, "छान आहे हो जावईबापू, कोण आहेत हे?" अण्णा मात्र चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "यांना मी कुठेतरी भेटलोय."

त्याच रात्री मी अमूर्ताकडे वळलो.

वाचन मात्र केलं हो, उगाच खोटं का बोला. कांडिन्स्की म्युनिकला असताना एका संध्याकाळी बाहेरून स्टुडिओत परतला, तर समोर एक विलक्षण सुंदर चित्र झळकत होतं. त्यात नुसते रंग आणि आकार, वस्तू कुठलीच ओळखू येईना. जवळ गेल्यावर कळलं, ते त्याचंच चित्र होतं, भिंतीला आडवं टेकवलेलं. वस्तूच आपल्या चित्राच्या आड येतात, हा धडा त्याने घेतला. १९१३ साली त्याने हे लिहूनही ठेवलं आहे. मी लगेच अण्णांचं पोर्ट्रेट आडवं केलं, दिवा मालवला, बाहेर एक चक्कर मारून आलो. तेच गृहस्थ आता निजलेले दिसत होते, इतकंच. तेवढ्यात सौ. आली. "आधी सरळ करा ते! माझे वडील हिंडते-फिरते आहेत अजून."

मग मोंद्रियान हाती घेतला. या डच माणसाने १९११ मध्ये एक करडं झाड रंगवलं, त्यातलं खोड, फांद्या अजून कळतात. पुढच्याच वर्षी सफरचंदाचं बहरलेलं झाड रंगवलं, तर त्यात नुसत्या वक्र रेषांची जाळी उरली, आणि पुढे त्या रेषाही सरळ होऊन चौकोन शिल्लक राहिले. मी सोसायटीतल्या शेवग्यासमोर स्टूल टाकून बसलो. आधी नीट झाड काढायचं, मग त्यातलं एकेक वगळत जायचं, असा बेत होता. वॉचमन मागून येऊन म्हणाला, "साहेब, पाइपलाइनचा नकाशा का?" त्या थोर माणसाला जिथे पोचायला वर्षं लागली, तिथे मी पहिल्याच बैठकीत पोचलो होतो. माझ्याकडे वगळायला झाडच नव्हतं.

राहिले आपले वासुदेव गायतोंडे. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत, बराच काळ नुसते विचार करत बसत आणि मग रोलर, पॅलेट नाइफ घेऊन रंगाचे थर चढवत, खरवडत. यातलं नुसतं बसणं मला तत्काळ जमलं. कोऱ्या कॅनव्हाससमोर खुर्ची टाकून मी असा बसलो की सौ. परात घेऊन आली, "बसलाच आहात तर लसूण सोला." लसूण सोलून झाल्यावर माळ्यावरचा भिंती रंगवायचा रोलर काढला. त्यात स्वयंपाकघराचा पिस्ता रंग वाळून बसला होता; तो कॅनव्हासवर खपल्या-खपल्यांनी उतरला. त्यावर मी गेरू चढवला, सुरीने खरवडला. घरात तीच एक धारेची सुरी होती, हे मला नंतर सांगण्यात आलं.

चित्र हॉलमध्ये लागलं. शेजारचे काका चहाला आले, भिंतीकडे बघून हळहळले, "वरच्यांच्या बाथरूमची गळती. सेक्रेटरीला लेखी द्या." भाच्याला त्यात कोकण रेल्वे दिसली. आणि सासूबाई दारातच थांबल्या, पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "हे मात्र हुबेहूब झालेत! नाकाची ठेवण बघा ह्यांच्या."

२०२१ मध्ये गायतोंड्यांचं १९६१ सालचं एक चित्र लिलावात ३९ कोटी ९८ लाखांना गेलं, हे मी सौ.ला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "फ्रेमसकट?"

माझा निकाल मी स्वतःच देऊन टाकतो. गायतोंडे १९४८ मध्ये जे. जे.तून पदविका घेऊन बाहेर पडले, लघुचित्रांच्या वळणाची माणसं त्यांनी झकास रंगवली, आणि नंतर त्यांनी आकृती सोडली. माझ्या बाबतीत आकृतीनेच मला सोडलं, तेही इंटरमिजिएटलाच. तेव्हा वाचकहो, ज्यांच्या भिंतीला खरोखरच ओल आली असेल आणि ती झाकायची असेल, त्यांनी निःसंकोच कळवावं. चित्र फुकट मिळेल, खिळा तुमचा. वरची बाजू कुठली, हे मात्र मला विचारू नये.