न पाहता वास्तू घडविणाऱ्या साहेबांस

सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट साहेब, वास्तुविशारद, मुक्काम परलोक, यांचे सेवेशी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

ज्या मुंबईत आपले पाऊल कधी पडले नाही, त्या मुंबईच्या विद्यापीठासाठी आपण विलायतेत बसून पदवीदान सभागृहाचे व ग्रंथालयाचे नकाशे रेखाटलेत; १८७४ साली सभागृह पुरे झाले, प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा २८० फूट उंच मनोरा १८७८ च्या नोव्हेंबरात सिद्ध झाला, आणि त्याच वर्षीच्या मार्चात निवर्तून न पाहण्याचे आपले व्रत आपण अखेरपर्यंत अभंग राखलेत. आमच्यातील नकाशाभक्तांच्या पंथास आपण गुरुस्थानी आहात, ते एवढ्याचसाठी.

अलीकडे काही उपद्व्यापी तरुण असे प्रतिपादू लागले आहेत की, डागडुजीची पहिली वीट हलविण्यापूर्वी वास्तू आज आहे तशी मोजून तिचा तळनकाशा, दर्शनी बाजूचा नकाशा व छेद काढावेत. साहेबांचे नकाशे असताना फीत कशास ताणावी, असे आम्ही विचारले, तर म्हणतात, नकाशा हुकूम सांगतो, भिंत तामिली सांगते! मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील जातीजमातींचे जे २४ पुतळे आहेत, त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्याने येथेच घडविले व ते पोरबंदरी दगडात कोरले गेले; ते पागोटे, ती दाढी, तो अंगरखा विलायतेच्या मेजावर कसा सापडावा, हा त्यांचा सवाल.

त्यांची कार्यपद्धती तर अधिकच त्रासदायक. दालनाच्या चारही भुजा मोजून त्यांचे समाधान होत नाही. कर्णही मोजतात, कारण एरवी भिंतीचा किंचित तिरपा कोपरा कागदावर मुकाट्याने काटकोन होऊन बसतो. मापे तुकड्यातुकड्याने न घेता एकाच आरंभबिंदूपासून घेतात. नाही तर म्हणे सुतासुताची चूक शेवटच्या खिडकीपाशी पोहोचेतो बोटभर होते. सज्ज्यावरून सोडलेला ओळंबा स्थिर होईपर्यंत तिघे जण श्वास रोखून उभे राहतात, आणि मग चौथा पेन्सिलीने टिपून ठेवतो की अमुक दगड झिजला आहे, तमुक कोर मागाहूनच्या दुरुस्तीत बदलली आहे. आजवर कबुतरांखेरीज कोणी न पाहिलेल्या जागा अशा दप्तरी दाखल झाल्या, तर कोणत्या साली कोणी काय बिघडविले याचा बोभाटा होईल, आणि जुनी बिले पुन्हा उघडण्याचा प्रसंग ओढवेल, हे त्या बापड्यांच्या ध्यानी येत नाही.

२०१८ साली या परिसरास जागतिक वारशाचा मान मिळाल्यापासून छायाचित्रांना तर तोटाच नाही. आणि छायाचित्राचा मोठा गुण असा की, त्यात भिंतीची जाडी दिसत नाही, त्यामुळे तीविषयी मतभेदही संभवत नाही.

तरी, प्रत्यक्ष न पाहता वास्तू उभारता येते तर न मोजता जतनही करता येते, असा दाखला आपल्या सहीशिक्क्यानिशी पाठवून आमच्या पंथास उपकृत करावे. आपल्या न येण्यास सात समुद्रांचे अंतर हे कारण होते. आमची कचेरी समोरच्याच रस्त्यावर असता आमचे कारण कोणते, एवढे मात्र उलट टपाली विचारू नये.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
एक नकाशाभक्त