सदनिकेतील चमत्कारी वनस्पती : निवड, निगा व उपयोग

प्रस्तुत मार्गदर्शन दोन खोल्या, एक गॅलरी आणि नजर लावणारा किमान एक शेजारी असलेल्या कुटुंबांसाठी आहे. ज्यांना स्वतःचं अंगण आहे त्यांनी ते वाचायची गरज नाही. त्यांच्याकडे झाडं आपण होऊन येतात आणि चमत्काराची वाट बघायला त्यांना सवड नसते.

सुरुवातीला वर्गवारी. वनस्पती दोन प्रकारच्या असतात, साधारण आणि चमत्कारी. कढीपत्ता, गवती चहा, ओवा, पुदिना या साधारण. त्या रोज उपयोगी पडतात, त्यामुळे त्यांना कुणी हात जोडत नाही, उलट चहा उकळायला लागला की कात्री घेऊन त्यांच्या अंगावर धावून जातात. चमत्कारी वनस्पतीला असा उघड उपयोग असून चालत नाही. ती ठेवायची असते, दाखवायची असते आणि पदोन्नती झाली की तिचं नाव सांगायचं असतं. पदोन्नती हुकली तर कुंडीची दिशा चुकली होती असं समजावं.

नवशिक्याने मनीप्लँटपासून सुरुवात करावी. हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. तिथे तो माडांवर चढतो, तळहाताएवढी पानं हातभर करतो आणि त्याच्यामुळे त्या बेटावर कुणी कोट्यधीश झाल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे येताच त्याच्यावर घराच्या आर्थिक प्रगतीची जबाबदारी आली. मागून आणलेला लागत नाही, विकत आणलेला तर मुळीच नाही. तो चोरूनच आणावा लागतो, हा मूलभूत नियम. चोरीसाठी घर निवडताना त्या घरच्या वेलाकडे न पाहता त्यांच्या गाडीकडे पाहावं. हळदीकुंकू, सत्यनारायण, बारसं हे उत्तम मुहूर्त, कारण यजमानीणबाई स्वयंपाकघरात अडकलेल्या असतात आणि पाहुण्याच्या हातातल्या पिशवीकडे कुणाचं लक्ष नसतं.

आता तंत्र. पानाचा देठ जिथून निघतो तिथे खोडावर एक फुगीर पेर असतं आणि त्याच्या पाठीला तपकिरी, बोथट असं एक बोंडूक दिसतं. तेच मूळ. कापायचं ते त्या पेराच्या खाली, पेर आपल्या वाट्याला येईल असं. घाईघाईत नुसतं पान देठासह खुडून आणलं तर ते बाटलीत आठवडेच्या आठवडे हिरवंगार राहतं, आशा लावतं, वेल मात्र होत नाही. अशा वेळी ‘त्यांच्या घरचं काही लाभतच नाही’ असं म्हणायची पद्धत आहे. बाटली कोणतीही चालते. बहुतेक घरांत ती ज्या प्रकारची असते तिचं लेबल आधी सोलून काढावं. पाणी आठवड्याला बदलावं. पान चावून पाहू नये, त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी जीभ भाजल्यासारखी होते. मांजर आणि रांगतं बाळ यांना ही सूचना वाचता येत नसल्याने बाटली उंचावर ठेवावी.

कायद्याची बाजूही सांगून ठेवतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 नुसार चोरलेल्या मालाची किंमत 5,000 रुपयांच्या आत असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल परत केला असेल तर शिक्षा समाजसेवेची. पण माल परत केला की लक्ष्मीही परत जाते. तेव्हा तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

मनीप्लँट स्थिरावला की ब्रह्मकमळाकडे वळायला हरकत नाही. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर उगवतं आणि ते नाशिक-साताऱ्याच्या गच्चीवर येणार नाही. आपण ज्याला हळदकुंकू वाहतो ते मेक्सिकोकडचं निवडुंग आहे. त्याला पानंच नसतात. आपण पान समजतो ते चपटं झालेलं खोड, आणि कळी त्याच्या कडेच्या खाचेतून लोंबते. हे कळल्यावरही हळदकुंकू थांबवू नये, निवडुंगाला तेवढीच ओढ लागते. निगा सोपी आहे : पाणी बेताचं, ऊन कोवळं, कुंडी जरा अडचणीचीच. उपयोग रात्रीचा. फूल अंधार पडल्यावर उमलायला लागतं, मध्यरात्रीच्या सुमारास पूर्ण फुलतं आणि सकाळी मान टाकतं. तेव्हा कळी फुगून देठ वर वळला की त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर निमंत्रण टाकावं. येतील त्यांना मसाला दूध द्यावं. मूळ देशात या फुलाची वाट पतंग बघतात. इथे त्यांच्या जागी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू येतात आणि ‘आमच्याकडे एका वेळी अकरा आली होती’ असं सांगून जातात.

आपट्याबद्दल थोडक्यात. दसऱ्याला जे सोनं म्हणून वाटलं जातं त्यात बरंचसं कांचनाचं असतं. आपट्याचं पान लहान, जाडसर, खरबरीत आणि लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि गुळगुळीत. देणाऱ्यासमोर पान उलटंपालटं करून पारखू नये, सराफाकडे गेल्यासारखं दिसतं. फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणलेलं हे सोनं दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत जातं, एवढी एकच गोष्ट त्याला खऱ्या सोन्यापासून वेगळं करते.

दाराला टांगायच्या लिंबू-मिरचीत लिंबू एक, मिरच्या सात, शिवाय बिब्बा आणि कोळसा. यातली मिरची पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली. त्याआधी हजारो वर्षं या भूमीवर दृष्टी लागत नव्हती की लागून राहत होती, यावर संशोधनाला वाव आहे. बिब्बा हाताळताना मात्र थट्टा नको. त्याचं तेल कातडीवर फोड आणतं आणि धोब्याच्या कापडावरच्या खुणेसारखं सहज जात नाही.

हत्ताजोडी नावाची दुर्मीळ मुळी चांदीच्या डबीत, शेंदुरात घालून विकतात. दोन हात जोडल्यासारखा आकार. तिजोरीत ठेवली की धन, कोर्टात नेली की विजय. तिची वनस्पतिशास्त्रीय माहिती अशी की ती वनस्पती नाही. 2017 मध्ये तपासणी झाली तेव्हा ती नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रियं निघाली. घोरपडीला ती जोडीनेच असतात, म्हणून हात जोडलेले. घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तिचे अवयव बाळगणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. कोर्टातल्या विजयासाठी घेतलेली वस्तूच कोर्टात नेते, एवढी तिची शक्ती मान्य करायला हवी. काही नमुने प्लॅस्टिकचे साचेही निघाले. ज्यांची अशी फसवणूक झाली त्यांनी दुकानदाराला पेढे द्यावेत.

शेवटी पिंपळ. याची लागवड करावी लागत नाही. साळुंकी किंवा बुलबुल फळ खाऊन पाइपावर बसतात आणि बी भिंतीच्या भेगेत पडतं. पहिल्या पावसात दोन तांबूस पानं दिसतात. त्या वेळी चिमटीने उपटलं तर काम संपतं, पण तेव्हा ते ‘गोंडस’ असतं. पुढच्या वर्षी ते ‘जरा मोठं’ होतं आणि तिसऱ्या वर्षी ‘देवाचं झाड’. पिंपळाचा देठ लांब आणि पान रुंद, त्यामुळे बारीकशा वाऱ्यातही सळसळ होते. ती रात्री ऐकली की मुंजा आला म्हणून समजावं. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, आणि त्याला सोसायटीच्या देखभाल निधीत काही भरावं लागत नाही. पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो हा संदेश पहाटे पाच वाजता येतो. ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो. पण हे ग्रुपवर लिहिणाऱ्याला वृक्षद्वेष्टा ठरवतात.

काढायचं ठरलंच तर नुसता वरचा भाग छाटू नये. मूळ सिमेंटमध्ये धाग्यासारखं पसरलेलं असतं. छाटलं की ते दुप्पट जोमाने फुटतं. भेग फोडून मूळ काढावं आणि मग ती बुजवावी. झाड मोठं झालं असेल तर 1975 च्या वृक्ष जतन अधिनियमाप्रमाणे परवानगी घ्यावी. प्रत्यक्षात अडचण परवानगीची नसून हाताची असते. सचिवांना स्वतः तोडायचं नसतं, खजिनदारांच्या घरी सुनेला दिवस गेलेले असतात, प्लंबर दुप्पट मजुरी मागतो आणि तोही शनिवारी येत नाही. एखादे सभासद ‘दुसऱ्या धर्माचा माणूस बोलवा’ असं सुचवतात; तो माणूस येऊन झाडाकडे बघतो आणि त्यालाही दुसरं काम आठवतं. मग इतिवृत्तात ‘विषय पुढील सभेत घ्यावा’ असं लिहावं, तेवढ्यात झाडाला अभय मिळतं, आणि पाइप ज्यांच्या स्वयंपाकघराच्या वर फुटला आहे त्यांनी तोवर बादली लावावी.